प्रस्तावना : बोटीच्या आधीचं आयुष्य

कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला गेलेल्या माणसांची हकिगत सांगायला बसलं, की जो तो एका बोटीपासून सुरुवात करतो. 'एम्पायर विंडरश' ही ती बोट. 21 जून 1948 रोजी ती थेम्स नदीवरच्या टिलबरी बंदरात आली आणि दुसऱ्या दिवशी उतारू खाली उतरले. वार्तापटाचे कॅमेरे तिथे हजर होते. त्रिनिदादचे कॅलिप्सो गायक लॉर्ड किचनर यांनी लंडनची थोरवी गाणारं एक नवंकोरं गाणं कॅमेऱ्यासमोर म्हणून दाखवलं. कडक इस्त्रीचे सूट, टाय, हॅट, हातात सूटकेस, डोळ्यांत उत्सुकता, अशा तरुणांची ती चित्रफीत तेव्हापासून इतक्या वेळा दाखवली गेली, की पुढे तिच्यावरूनच एका अख्ख्या पिढीला 'विंडरश पिढी' हे नाव पडलं.

चित्र खोटं नाही, पण त्यात मावलं नाही असं बरंच काही आहे. विंडरशच्या आधी 1947 मध्येच 'ऑर्मोंड' आणि 'अल्मान्झोरा' या बोटी कॅरिबियन प्रवासी घेऊन इंग्लंडला पोचल्या होत्या. विंडरशवर नोंदलेल्या 1,027 प्रवाशांपैकी 802 जणांनी आपला शेवटचा मुक्काम कॅरिबियनमध्ये असल्याचं सांगितलं होतं. बाकीच्यांत मेक्सिकोतून चढलेले पोलिश निर्वासितही होते. आणि चित्रफितीत तरुण पुरुषच डोळ्यांत भरत असले, तरी बोटीवर 257 स्त्रिया होत्या. कॅमेरा त्यांच्यावर फारसा थांबला नाही, म्हणून पुढच्या काळात त्या कुणाला आठवल्याही नाहीत.

या संग्रहाच्या वाचकाने सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. ब्रिटनच्या सरकारी दप्तरात ही माणसं धक्क्यावर उतरतात तेव्हा जन्माला येतात. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं त्या दप्तराला ठाऊक नाहीत. आयुष्याचा तो पहिला भाग फक्त माणसांच्या आठवणीत उरतो, आणि तो कळल्याशिवाय दुसरा भाग नीट समजत नाही. एखादा माणूस थंडीत कुडकुडत, अपमान गिळत, भाड्याच्या एका खोलीत चिवटपणे का टिकून राहिला, याचं उत्तर बहुतेक वेळा लंडनमध्ये सापडत नाही. ते जमैकाच्या एखाद्या डोंगरातल्या गावात किंवा बार्बाडोसच्या उसाच्या मळ्याशेजारच्या लाकडी घरात असतं.

ते घर कसं होतं? आठवणी सांगणाऱ्यांच्या बोलण्यात सर्वांत आधी बहुधा आजी येते. आईबाप कामासाठी दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या बेटावर गेलेले, आणि मुलं आजीच्या ताब्यात, हे तिथलं रोजचंच चित्र. घराभोवती 'यार्ड', म्हणजे अंगण. त्यात ब्रेडफ्रूटचं झाड, अ‍ॅकीचं झाड, बांधलेल्या शेळ्या, कोंबड्या. पाणी डोक्यावरून आणायचं, कपडे ओढ्यावर धुवायचे, रविवारी ठेवणीतले कपडे घालून चर्चला जायचं. रात्री अनान्सीच्या गोष्टी. अनान्सी हा कोळी घानामधल्या अकान लोकांच्या कथांतून गुलामांबरोबर समुद्र ओलांडून आला. अंगात बळ नाही, पण डोकं तेज. बलवानांना फसवून तो आपलं साधून घेतो, म्हणून मुलांचा लाडका. कुणी वारलं तर 'नाइन नाइट', म्हणजे नऊ रात्रींचं जागरण: गाणी, डॉमिनोज, रम आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी. लिहून ठेवण्याची सोय नव्हती त्या काळापासून हा समाज असा सांगून-ऐकून स्वतःला जपत आला आहे.

पण आजीच्या अंगणावर भाळून चालणार नाही. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने 1834 मध्ये संपली. सक्तीची 'उमेदवारी' संपून खरी सुटका व्हायला 1838 उजाडावं लागलं. त्यानंतर शंभर वर्षांनीही चांगली जमीन मळेवाल्यांकडेच होती. 1930 नंतरच्या दशकात साखरेचे भाव पडले, मजुरी तुटपुंजी राहिली, आणि त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका अशा बेटामागून बेटावर संप आणि दंगली पेटल्या. चौकशीसाठी नेमलेल्या मॉइन आयोगाचं अहवालातलं वर्णन इतकं विदारक होतं, की युद्धकाळात शत्रूच्या हाती कोलीत नको म्हणून सरकारने तो अहवाल 1945 पर्यंत पूर्ण छापला नाही. निसर्गाचीही साथ नव्हती. 1951 मध्ये चार्ली नावाच्या चक्रीवादळाने जमैका झोडपला आणि 1955 मध्ये जॅनेटने बार्बाडोस आणि ग्रेनाडा.

शिवाय कामासाठी बेट सोडणं या लोकांना नवीन नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनामा कालवा खणायला बार्बाडोस आणि जमैकातून हजारो माणसं गेली, पुढे क्यूबाच्या साखरपट्ट्यात गेली, अमेरिकेत गेली. दुसऱ्या महायुद्धात हजारो तरुण ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. त्यांनी इंग्लंड पाहिलं, आणि परतल्यावर गावात हाताला काम नाही हेही पाहिलं. विंडरशवर चढलेल्या अनेकांचा हा दुसरा प्रवास होता. त्यातच 1952 च्या अमेरिकन कायद्याने कॅरिबियन वसाहतींतून अमेरिकेत जाण्याची वाट जवळजवळ बंद केली. उरलं ब्रिटन. 1948 च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार वसाहतीतला माणूस 'युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचा नागरिक' होता, तेव्हा तिथे जाण्याचा हक्कही होताच. म्हणजे एका देशाचा नागरिक आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागात जायला निघाला होता. उपरे म्हणून वागवल्यावर या माणसांना जो धक्का बसला, तो या कायदेशीर वस्तुस्थितीशी ताडून पाहिला पाहिजे.

शाळेनेही हेच मनावर ठसवलं होतं. मुलं 'रॉयल रीडर' वाचत, 24 मे रोजी एम्पायर डेला युनियन जॅक फडकवत, कधी न पाहिलेल्या बर्फावरच्या आणि डॅफोडिल फुलांवरच्या कविता पाठ करत. इंग्लंड म्हणजे 'मदर कंट्री'. म्हणूनच आगमनाच्या आठवणींत काही तपशील पुनःपुन्हा भेटतात. घराघरावरची धुरांडी पाहून इतके कारखाने आहेत तर काम मिळणारच, असं वाटणं. गोरा माणूस झाडू मारताना पाहून चक्रावणं. दुपारी चारला अंधार पडल्यावर घाबरणं. आणि ज्या इंग्लंडचे राजे आपण सनावळीसह घोकले, त्या इंग्लंडच्या माणसांना जमैका आफ्रिकेत आहे की कुठे, हेही माहीत नसल्याचं उमगणं.

तिकिटाचे पैसे उभे करण्याची कहाणी तर घरोघरी वेगळी. विंडरशचं सर्वांत स्वस्त तिकीट अठ्ठावीस पौंडांचं होतं आणि ती रक्कम सामान्य कुटुंबाला सहज झेपणारी नव्हती. कुणी गुरं विकली, कुणी जमीन गहाण टाकली. पुढे बार्बाडोस सरकारने प्रवासासाठी कर्ज दिलं. 1956 पासून लंडन ट्रान्सपोर्ट थेट बार्बाडोसमध्ये माणसं भरती करू लागलं, त्यांचं भाडं असं कर्जाऊ मिळालं आणि नंतर पगारातून फिटलं. 1948 मध्येच सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला नर्स हव्या होत्या, हॉटेलांना कामगार हवे होते. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाला माणसं हवी होती आणि ती त्याने बोलावून घेतली, हे विसरून चालणार नाही.

निघताना जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं: पाच वर्षं. पाच वर्षं काम करायचं, पैसे जमवायचे, परत येऊन घर बांधायचं. म्हणून मुलांना आजीकडे ठेवलं. पाचाची दहा झाली, मग 1962 च्या कायद्याने येण्यावर परवान्याचं बंधन घातलं. दार बंद होणार हे दिसल्यावर त्याआधीच्या काही महिन्यांत येणाऱ्यांची रीघ लागली. मागे ठेवलेल्या मुलांना बोलावून घेतलं गेलं. विमानतळावर उतरलेल्या मुलाला आईवडील ओळखू येत नव्हते, आणि ज्या आजीला तो आई समजत होता ती बेटावरच राहिली होती. या पिढीच्या आठवणींतली ही सर्वांत दुखरी जागा आहे. ती कोणत्याही सरकारी आकडेवारीत येत नाही.

ब्रिटनमधल्या पहिल्या वर्षांबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, तेव्हा इथे थोडक्यात. विंडरशच्या ज्या प्रवाशांना राहायला जागा नव्हती, त्यांची सोय क्लॅपम साउथच्या भुयारी बॉम्ब-निवाऱ्यात झाली. जवळचं रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनमध्ये होतं, म्हणून माणसं ब्रिक्स्टनला स्थिरावली. एका वस्तीचं भवितव्य असं एका कार्यालयाच्या पत्त्यावरून ठरलं. खोली मागायला गेलं की दार आपटलं जाई. मिळालेल्या एका खोलीत पॅराफिनच्या हीटरवर ऊब घेत चार-पाच जण पाळीपाळीने झोपत. हाताशी कसब असलेल्या माणसांना हमालीची कामं मिळत. नर्स व्हायला आलेल्या मुलींपैकी अनेकींना तीन वर्षांच्या पूर्ण अभ्यासक्रमाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात ढकललं जाई. त्या प्रमाणपत्राला त्यांच्या बेटावर मान्यताच नव्हती, हे त्यांना उशिरा कळे. 1958 मध्ये नॉटिंगहॅम आणि नॉटिंग हिल इथे दंगली झाल्या. मे 1959 मध्ये अँटिग्वाचे केल्सो कॉक्रन यांचा भर रस्त्यात खून झाला. 1963 मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीने काळ्या कर्मचाऱ्यांना घ्यायला नकार दिल्यावर तिथे बस-बहिष्कार पुकारला गेला, आणि कंपनीला नमावं लागलं.

पण नुसत्या अपमानांची यादी केली तर या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल. त्यांनी उभारलेल्या गोष्टी आठवणींत अधिक ठळक आहेत. बँका कर्ज देत नव्हत्या, तेव्हा जमैकन लोकांची 'पार्डनर' आणि त्रिनिदादची 'सू-सू' कामी आली. ही आपली भिशीच: दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकाने ती सगळी उचलायची. त्या पैशांतून अनेकांनी घराचा पहिला हप्ता भरला. चर्चमध्ये थंड वागणूक मिळाली, म्हणून बैठकीच्या खोल्यांत प्रार्थना सुरू झाल्या आणि त्यांतून स्वतःची चर्च उभी राहिली. क्लबांत प्रवेश नव्हता, म्हणून तळघरात 'ब्लूज' पार्ट्या रंगल्या. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स यांनी 1958 मध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' हे वृत्तपत्र काढलं, आणि दंगलींना उत्तर म्हणून जानेवारी 1959 मध्ये सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवलं. आणि घर झाल्यावर आली 'फ्रंट रूम': क्रोशाची कडक स्टार्च केलेली विणकामं, काचेचे मासे, रेडिओग्राम, भिंतीवर 'लास्ट सपर'. एरवी मुलांना पाऊल टाकायला मनाई असलेली ही खोली लेखक मायकल मॅक्मिलन यांनी 2005 मध्ये लंडनच्या जेफ्री म्युझियममध्ये मांडली. ती पाहायला आलेल्यांना आपापल्या आईचं घर आठवलं. वस्तूही साक्ष देतात, हे त्यातून दिसलं.

आणखी एक गोष्ट आठवणींतूनच कळते. बेटावर असताना कुणी स्वतःला 'वेस्ट इंडियन' म्हणवत नव्हतं. जमैकन माणूस इतरांना 'लहान बेटवाले' म्हणून हिणवायचा, आणि बार्बाडोसचा माणूस जमैकनांना भडक समजायचा. शेकडो मैल समुद्राने तोडलेली ही माणसं एकमेकांना प्रथम भेटली ती बोटीवर, लंडनच्या खोल्यांत आणि क्रिकेटच्या मैदानावर. जून 1950 मध्ये लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजने इंग्लंडला 326 धावांनी हरवलं. तो सामना जिंकून देणाऱ्या दोन फिरकी गोलंदाजांपैकी आल्फ व्हॅलेंटाइन जमैकाचे आफ्रिकी वंशाचे होते आणि सॉनी रामाधीन त्रिनिदादचे भारतीय वंशाचे. स्थलांतरितांच्या कथेला अजरामर करणारी 'द लोन्ली लंडनर्स' ही 1956 ची कादंबरी लिहिणारे सॅम सेल्व्हन यांच्या अंगातही भारतीय रक्त होतं. त्रिनिदादमधले बहुतेक भारतीय हे मे 1845 मध्ये 'फातेल रझाक' बोटीने तिथे पोचलेल्या आणि त्यानंतर येत राहिलेल्या गिरमिटियांचे, म्हणजे करारबद्ध मजुरांचे, वंशज. त्यांच्यातल्या अनेकांचा इंग्लंड हा घराण्यातला दुसरा समुद्रप्रवास होता.

या आठवणी जपण्याचं काम विद्यापीठांनी सुरू केलं नाही. जमैकाचे डॉनल्ड हाइंड्स लंडनमध्ये बस कंडक्टर होते. त्यांनी आपल्यासारख्यांचे अनुभव गोळा करून 1966 मध्ये 'जर्नी टु अ‍ॅन इल्युजन' हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी जॉन ला रोझ आणि सेरा व्हाइट यांनी न्यू बीकन ही प्रकाशनसंस्था काढली. 1981 मध्ये लेन गॅरिसन आणि सहकाऱ्यांनी 'ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज'चा पाया घातला. आज ती संस्था ब्रिक्स्टनच्या विंडरश चौकात स्वतःच्या इमारतीत आहे. विंडरशचे प्रवासी सॅम किंग यांनी टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे ते सदर्कचे महापौर झाले. आपल्या सहप्रवाशांचा शोध घेऊन त्यांनी त्यांची स्मृती सार्वजनिक केली. कोलिन ग्रँट यांचं 'होमकमिंग' हे आवाजांचं मोठं संकलन 2019 मध्ये आलं. गावोगावच्या ग्रंथालयांत, चर्चच्या सभागृहांत, वृद्धांच्या क्लबांत होणारं ध्वनिमुद्रण याखेरीज.

असं जपणं म्हणजे भावनेचा हळवा छंद आहे असं वाटणाऱ्याने 2018 साल आठवावं. 1 जानेवारी 1973 पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील माणसांना 1971 च्या कायद्याने राहण्याचा हक्क दिला होता, पण त्याचा कागद कुणालाच दिला नव्हता. अनेक जण लहानपणी आईबापांच्या किंवा भावंडांच्या पासपोर्टवर आलेले. 2012 नंतर सरकारने बेकायदा रहिवाशांसाठी 'प्रतिकूल वातावरण' निर्माण करायचं ठरवलं, आणि मालक, घरमालक, बँका, रुग्णालयं सगळेच कागद मागू लागले. पन्नास वर्षं कर भरलेल्या माणसांकडून त्यांच्या वास्तव्याच्या वर्षावर्षाचा पुरावा मागितला गेला. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली उतरणपत्रं, म्हणजे लँडिंग कार्डं, गृहखात्याने स्वतःच 2010 मध्ये नष्ट केली होती. जहाजांच्या प्रवासी याद्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण त्या 1960 पर्यंतच्याच. म्हणजे 1948 साली उतरलेल्याचं नाव आज कुणालाही सापडतं, आणि 1965 साली आलेल्या मुलाचं सापडत नाही. नोकऱ्या गेल्या, घरं गेली, उपचार नाकारले गेले, आणि किमान 83 जणांना चुकीने देशाबाहेर काढलं गेलं. एप्रिल 2018 मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. वेंडी विल्यम्स यांच्या मार्च 2020 च्या चौकशी अहवालाने गृहखात्याच्या अज्ञानावर आणि अविचारीपणावर नेमकं बोट ठेवलं. खात्याला आपल्याच साम्राज्याचा इतिहास माहीत नव्हता.

आठवण म्हणजे मात्र दस्तऐवज नव्हे, हेही लक्षात ठेवून पुढची पानं वाचावीत. माणसं तारखा चुकतात. इतरांकडून ऐकलेलं आपलं म्हणून सांगतात. विंडरश प्रसिद्ध झाल्यावर 'मी त्याच बोटीने आलो' असं मनापासून वाटणारेही भेटतात. विंडरशचे प्रवासी 1948 च्या कायद्यामुळे आले असं सर्रास सांगितलं जातं, पण तो कायदा अमलात आला 1 जानेवारी 1949 रोजी, बोट लागल्यानंतर सहा महिन्यांनी. अशा चुका कागदाशी ताडून दुरुस्त करता येतात. मात्र त्या दिवशी त्या माणसाला काय वाटलं, हे कागदात कधीच नसतं. गप्प राहिलेल्या जागाही वाचायला शिकलं पाहिजे. अपमानाच्या गोष्टी या पिढीने मुलांना सांगितल्या नाहीत, आणि बऱ्याचदा त्या प्रथम बाहेर आल्या त्या नातवंडांसमोर.

भाषेचा प्रश्नही आहेच. सांगणारा पात्वात, म्हणजे बेटावरच्या बोलीत, बोलतो आणि लिहिणारा ते शुद्ध इंग्रजीत उतरवतो, तेव्हा मालवणी आजीचं बोलणं पुस्तकी मराठीत छापल्यासारखं होतं: माहिती उरते, माणूस जातो. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण जपणं छापण्याइतकंच महत्त्वाचं. मराठी वाचकाला हे काम अगदीच परकं नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या कामगारांचे आवाज असेच गोळा केले, आणि मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मालकांच्या दप्तराबाहेरही आहे हे दाखवून दिलं.

वेळ मात्र कुणासाठी थांबलेली नाही. विंडरशच्या अखेरच्या हयात प्रवाशांपैकी एक, लीड्सचे आल्फर्ड गार्डनर, ऑक्टोबर 2024 मध्ये वयाच्या 98 व्या वर्षी वारले. 1948 मध्ये लीड्समध्ये कॅरिबियन क्रिकेट क्लब स्थापणाऱ्यांत ते होते. विमानाने आलेली त्यांच्या नंतरची पिढीही आता ऐंशीच्या घरात आहे.

तेव्हा वाचकाला एवढंच सांगणं आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर तुमच्या घरातल्या, गाव किंवा देश सोडून आलेल्या वडीलधाऱ्या माणसासमोर फोनचा रेकॉर्डर सुरू करून बसा. आधी त्यांची परवानगी घ्या. त्यांच्या बोलीत त्यांना बोलू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. जुन्या फोटोंच्या मागे नावं आणि गावं लिहून घ्या. ध्वनिमुद्रणाच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि 'इथे कधी आलात' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारा. पहिला प्रश्न असावा: निघालात त्या दिवशी घरात कोण कोण होतं?